नसीम मॅडमची मुकी स्लाइड

नसीम मॅडमचा 'आहे' या शब्दावर विश्वास नव्हता. कुणी काहीही आहे म्हणालं की त्या क्षणभर थांबत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणत आणि विचारत, "कुठं?"

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारत. शिपाई म्हणाला, प्राचार्य साहेब आहेत, तर त्याला. भाजीवाली म्हणाली, मेथी ताजी आहे, तर तिला. आणि उत्तराची वाट न बघता जुडी सोडून आत बघत. एकदा आमच्या वर्गातल्या एका मुलाने, मॅडम, मला परीक्षेचं टेन्शन आहे, असं सांगितलं. त्यालाही त्यांनी तेच विचारलं. मुलगा जरा विचार करून म्हणाला, "पोटात." मॅडम म्हणाल्या, "मग आधी जेवून ये." तो जेवून आला आणि म्हणाला, आता नाही.

मॅडम बीडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. एम.एस्सी.ची दोन्ही वर्षं मी त्यांच्या प्रयोगशाळेत होते. पेशीच्या आत काय घडतं आणि नेमकं कोणत्या जागी घडतं, ते रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, हे त्यांचं काम. या विषयाला पुस्तकात मोठं नाव आहे. मॅडम त्याला 'पत्ता काढणं' म्हणत.

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. त्यामुळे मला विज्ञान इंग्रजीत येत होतं आणि बीड मराठीत येत होतं. दोन्ही एका वाक्यात येत नव्हती. म्हणून मी वर्गात बोलत नसे. मुलं मला 'इंग्लिश मिडियम' म्हणत. चिडवायला म्हणत नसत. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं, आणि ते सांगायला मी तोंड उघडलं नव्हतं.

पहिल्या प्रात्यक्षिकाला बटाट्याची पातळ चकती आणि त्यावर आयोडिनचा थेंब होता. मॅडम माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. काय दिसतंय, असं विचारलं.

"स्टार्च इज प्रेझेंट, मॅम."

"कुठं?"

"इन द सेल."

मॅडम शेजारच्या स्टुलावर बसल्या. "बेटा, परळी कुठं हाय?"

मी म्हणाले, बीड जिल्ह्यात.

"तू म्हाराष्ट्रात म्हण की. चूक न्हाई. पण एस.टी.त बसून म्हाराष्ट्राचं तिकीट मागून बघ एकदा, कंडक्टर काय म्हणतो ते." आणि भिंगाकडे बोट करून म्हणाल्या, "परत बघ."

मी परत बघितलं. पेशी सगळी निळी नव्हती. ती जवळजवळ रिकामीच होती, सामान हलवलेल्या खोलीसारखी; आणि तिच्या एका बाजूला सांडलेल्या तांदळासारखे दाणे पडले होते. निळे-काळे होते ते फक्त दाणे.

"दाण्यांमध्ये," मी म्हणाले. ते मी मराठीत म्हणाले, हे मला नंतर कळलं.

"हां. आता उतरलीस परळीला," म्हणून मॅडम पुढच्या मुलाकडे गेल्या.

रसायनशास्त्राचे गायकवाड सर आणि मॅडम यांचं फारसं पटत नसे, पण चहा रोज एकत्र होत असे. सरांची पद्धत सरळ होती. पान असो, फळ असो, मूळ असो, मिक्सरमध्ये टाकायचं, गाळायचं, यंत्रात घालायचं आणि आकडा घ्यायचा. त्यांचा मिक्सर घरून आणलेला होता आणि त्याला मसाल्याचा वास येई.

"मॅडम, आमच्याकडं कमीत कमी आकडा तर निघतो," सर म्हणत. "तुमच्याकडं नुसतं चित्र."

"सर, बीड जिल्ह्यातली सगळी माणसं तुमच्या मिक्सरमधून काढली तर वजन निघंल," मॅडम बशीत चहा ओतत म्हणत. "कोण चौसाळ्याचं आणि कोण पालीचं, हे निघायचं न्हाई."

सरांना हे ऐकून दर वेळी चहा खाली ठेवावा लागे.

पण आकडा मॅडमनाही लागायचा. रंग किती गडद चढला, हे सांगायचं तर कशाशी तरी ताडून बघायला हवं. आमच्याकडे त्यासाठीचं यंत्र नव्हतं. मॅडमनी रंगाच्या दुकानातून घराला द्यायच्या रंगांचं शेडकार्ड आणलं होतं. त्यातल्या तपकिरी पट्ट्यांना त्यांनी फिकटापासून गडदापर्यंत क्रमांक दिले होते, आणि आम्ही भिंगातून बघून एक डोळा कार्डावर ठेवून क्रमांक लिहायचो. मुलं मोबाइलने फोटो काढायची. मॅडम म्हणायच्या, "फोटो काढ, पण त्याला रंग विचारू नको. मोबाइल माणसाला गोरं करतो, त्याला सवय हाय."

त्यांचं स्वतःचं संशोधन सीताफळावर होतं.

मॅडमच्या वडिलांचा बीडमध्ये फळांचा गाडा होता. तो पुढे धाकट्या भावाने, जमीलभाईंनी चालवला. मग दुकान झालं. आणि मी एम.एस्सी.ला आले तेव्हा त्यांनी पालीच्या बाजूला हायवेलगत पत्र्याच्या शेडमध्ये गर काढायचं काम सुरू केलेलं होतं. डोंगरातून सीताफळं यायची. बायका ओळीने बसून, डोळे उघडलेली पिकली फळं फोडून, चमच्याने गर काढायच्या. तो गोठवून आइस्क्रीमवाल्यांना जायचा. अडचण एकच होती. सीताफळाचा गर काढला की थोड्या वेळात तपकिरी पडतो. चवीला काही होत नाही म्हणतात, पण तपकिरी आइस्क्रीमला चॉकलेट म्हणावं लागतं.

हे तपकिरी पडणं म्हणजे काय, ते मॅडम वर्गात असं सांगत: पेशीत एक एन्झाइम असतं आणि एक द्रव्य असतं. दोघं एका घरात, पण वेगळ्या खोल्यांत राहतात. तोवर सगळं शांत. चमचा लागला, भिंत पडली, दोघं समोरासमोर आले की झालं काळं. हे कुणाच्या घराबद्दल चाललं आहे, असं पोरं मागच्या बाकावर एकमेकांना विचारत.

आता हे एन्झाइम फळात आहे, हे सगळ्या जगाला माहीत होतं. गायकवाड सरांनी त्याचा आकडाही काढून दिला होता. मॅडमना अर्थातच वेगळी माहिती हवी होती.

काम बघायला सोपं होतं. गाजराला मधोमध खाच पाडायची. नुकतंच पाड लागलेलं, अजून घट्ट असलेलं सीताफळ घेऊन त्याचा तुकडा त्या खाचेत बसवायचा आणि नव्या ब्लेडने गाजरासकट कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घ्यायचे. काप ब्रशने उचलून काचेवर ठेवायचा. त्यावर एक रसायन टाकायचं. जिथे एन्झाइम असेल तिथे ते तपकिरी होतं. रंग जिथे उठला, तिथे पत्ता. उरलेली गाजरं मॅडम कुणाला खाऊ देत नसत. कुणी मागतही नसे.

आणि प्रत्येक स्लाइडबरोबर एक मुकी.

मुकी स्लाइड म्हणजे तोच तुकडा आधी उकळून घेतलेला. उकळला की एन्झाइम मरतं. मग त्याचा काप घेऊन त्यावर तेच रसायन टाकलं तर काहीही व्हायला नको. काप पांढराच राहायला हवा. राहिला, तर दुसऱ्या स्लाइडवरचा रंग एन्झाइमचाच, असं म्हणता येतं. पुस्तकात हिला कंट्रोल म्हणतात. मॅडम मुकी म्हणत, कारण तिने बोलायचं नसतं. कुणी सुंदर तपकिरी स्लाइड घेऊन नाचत आलं की त्या तिच्याकडे बघतही नसत. "आधी मुकीला विचारलं का?" एवढंच म्हणत. मुलं परत जात.

असं बरेच हंगाम केल्यावर मॅडमना पत्ता सापडला. सीताफळ खाताना सालीजवळ दाताखाली रवा लागतो, तो सगळ्यांनी अनुभवला आहे. तो रवा म्हणजे जाड भिंतींच्या पेशींचे गठ्ठे असतात. मॅडमच्या स्लाइडवर सगळ्यात गडद तपकिरी तिथे उठत होतं. आतला मऊ गर फिकट, सालीजवळचा रवाळ थर गडद. शेडकार्डावर दोघांमध्ये बऱ्याच पट्ट्यांचं अंतर होतं. म्हणजे काळं पडणं सुरू होतं ते रवाळ थरातून. तो थर सालीलाच राहू दिला, तर गर पांढरा राहील.

मॅडमनी हे भावाला सांगितलं. जमीलभाईंनी त्याच दिवशी बायकांना सांगितलं की साल खरडायची नाही, वरचा थर सोडून द्यायचा. गर खरंच पांढरा राहू लागला. त्याच सुमारास त्यांनी नवा डीप फ्रीझरही घेतला होता, पण श्रेय आपाला गेलं. जमीलभाई मॅडमना आपा म्हणत.

त्यानंतर शेडवर बोर्ड लागला. पांढऱ्यावर हिरवी अक्षरं: शास्त्रीय पद्धतीने काढलेला सीताफळाचा गर. त्यातला 'शास्त्रीय' लाल रंगात आणि बाकीच्यांपेक्षा मोठा होता. जमीलभाई पूर्वी गिऱ्हाइकाला मॅडमची ओळख करून देताना म्हणायचे, "ही आपा. कालिजात हाय." ते ज्या सुरात म्हणत त्यावरून आपा दवाखान्यात आहे असं वाटे. आता ते म्हणू लागले, "ही आमची आपा. सायंटिस्ट हाय. हा बोर्ड बघितला का? तिचंच काम हाय हे."

मॅडम तेवढ्यात पिशवी उचलून निघत. पण फळं आणायला आम्ही त्यांच्या स्कूटीवर पालीला जायचो तेव्हा बोर्डासमोर गाडी हळू व्हायची. खड्डा आहे, असं मॅडम म्हणायच्या. खड्डा बोर्डाच्या बराच पुढे होता.

दुसऱ्या वर्षी मॅडमना संभाजीनगरच्या एका परिषदेत बोलायचं निमंत्रण आलं. त्या यापूर्वी कुठे बोलल्या नव्हत्या. विषय हाच होता, सीताफळाचा पत्ता. हंगाम सुरू होता, म्हणून त्यांनी ठरवलं की फोटोंसाठी सगळ्या स्लाइड नव्याने करायच्या. ते काम माझ्याकडे आलं. मी त्या दिवशी काचा पुसून ओळीने मांडल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि मुकीच्या चिठ्ठीवर काय लिहायचं ते मला कळेना. प्रत्येक चिठ्ठीवर तुकडा फळाच्या कुठल्या भागातला ते लिहायचं, ही मॅडमचीच शिस्त होती.

मॅडम खिडकीजवळ गाजराला खाच पाडत होत्या. मला प्रश्न विचारायला आवडत नाही. पण चिठ्ठी कोरी ठेवणं त्याहून वाईट होतं.

"मॅडम, मुकी कुठली?"

"कुठली म्हंजे?"

"म्हणजे कुठल्या भागातली. सालीजवळची की आतली?"

"आतली. नेहमीची," मॅडम म्हणाल्या. आणि त्यांचं ब्लेड थांबलं.

त्यांनी गाजर खाली ठेवलं. ब्लेड कागदात गुंडाळलं. मग म्हणाल्या, "कावून आतली?"

हे त्या मला विचारत नव्हत्या. उत्तर त्यांनाच माहीत होतं. सालीजवळचा तुकडा उकळला की रवा सुटून विखरतो, काप हाती लागत नाही. आतला तुकडा नीट राहतो. म्हणून पहिल्या हंगामात कधीतरी त्यांनी मुकीसाठी आतला तुकडा घेतला असणार, आणि तेव्हापासून मुकी आतलीच होती. ती दर वेळी पांढरी राहिली. ती गप्प राहिली ते खरं होतं; पण तिला विचारलं होतं आतल्या खोलीत, आणि प्रश्न होता बाहेरच्या ओसरीचा. सगळ्या जिल्ह्याला 'कुठं' विचारणाऱ्या बाईकडून मुकीलाच ते विचारायचं राहून गेलं होतं.

मॅडम कपाटातून मलमलीचा तुकडा घेऊन आल्या. सालीजवळचा तुकडा त्यात घट्ट बांधला, दोऱ्याने आवळला आणि उकळायला ठेवला. आम्ही दोघी पातेल्याकडे बघत उभ्या राहिलो. गायकवाड सर चहाला बोलवायला आले आणि आमच्याकडे बघून एकटेच गेले.

तुकडा विखरला नाही. मॅडमनी तो थंड करून गाजरात बसवला, काप घेतला, काचेवर ठेवला, रसायन टाकलं. वेळ झाल्यावर भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग शेडकार्ड मागितलं. मी दिलं. ते त्यांनी स्लाइडशेजारी धरलं आणि परत ठेवलं.

"बोलली," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला बघायला लावलं. रवाळ पेशींचे गठ्ठे गडद तपकिरी होते. जिवंत स्लाइडवर जेवढे असायचे, जवळजवळ तेवढेच. त्या पेशींतलं सगळं उकळून मेलं होतं आणि तरी रंग उठला होता. म्हणजे तो एन्झाइमचा नव्हता. रसायन हवेने आपोआप थोडं तपकिरी होतं, आणि त्या जाड भिंती तो रंग पिऊन घेत होत्या.

मॅडमनी रसायनाची नवी बाटली फोडली. सगळं पुन्हा केलं. रंग जरा कमी आला, पण आला.

"रव्याचे खडे रंग पितात," मॅडम म्हणाल्या. "कुणाचाबी पितात."

आजूबाजूचे मऊ पेशींचे भाग मुक्या स्लाइडवर पांढरे होते आणि जिवंत स्लाइडवर फिकट तपकिरी. तेवढा रंग खरा होता. तो सालीजवळ जेवढा होता तेवढाच आतही होता.

"म्हणजे एन्झाइम सगळीकडे आहे," मी म्हणाले.

"सगळीकडं म्हंजे पत्ता न्हाई," मॅडम म्हणाल्या. त्यांनी काचा धुवायला घेतल्या. ते काम माझं होतं, पण मी मागितलं नाही. "तिकीट परळीचंच काढलंतं," त्या नळाखाली म्हणाल्या. "उतरले भलत्याच स्टँडवर. आणि लोकांनाबी उतरवलं."

संध्याकाळी गायकवाड सरांना कळलं. ते स्टूल ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, परिषदेत मुकी कोण मागतंय? आतली दाखवा की. खोटी थोडीच हाय ती?"

"मी मागते," मॅडम म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. मग जायला उठले आणि दारातून परत येऊन म्हणाले, "आकड्याचं काही लागलं तर सांगा. मिक्सर धुऊन ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही पालीला गेलो. त्या दिवशी बोर्डासमोर स्कूटी हळू झाली नाही. शेडमध्ये बायका फळं फोडत होत्या. जमीलभाई फ्रीझरपाशी होते. मॅडमनी सगळं सांगितलं, वर्गात सांगतात तसं, एकही पायरी न गाळता. जमीलभाईंनी ऐकून घेतलं.

"म्हंजे रव्यानं काळं पडत न्हाई?"

"न्हाई."

"मग आमी सालीला सोडतोय ते कावून?"

"रंगासाठी सोडायची गरज न्हाई."

ओळीतली एक वयस्क बाई चमचा थांबवून म्हणाली, "मग मॅडम, आता खरडून काढायचं का?"

"थांब गं तू," जमीलभाई म्हणाले. "खरडू नका. गिऱ्हाईक खूष हाय. दाताखाली रवा येत न्हाई म्हणून लई तारीफ करतं. आपा, फायदाच हाय की त्याचा. मग बिघडलं काय?"

"बोर्डावर शास्त्रीय लिवलंय."

"मग?"

"ते न्हाई ते."

जमीलभाई एक सीताफळ उचलून हातात फिरवत राहिले. "आपा, कारण कोण विचारतंय? गर पांढरा हाय, लोक खातेत."

"तुझ्या फ्रीझरनं पांढरा हाय."

"मग फ्रीझर शास्त्रीय न्हाई का?"

बायका हसल्या. मॅडमच्या चेहऱ्यावरही काहीतरी हललं, पण त्यांनी ते चष्म्याच्या मागे ठेवलं. जमीलभाई मात्र हसले नाहीत. ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मी गावभर सांगितलंय. आपानं शोधलंय म्हणून. मशिदीपाशी सांगितलं, आडतीवर सांगितलं. आता काय सांगू? चुकली म्हणून?"

"हां. तेच सांग."

"लोक हसतील."

"मला हसतील. मी हाय की इथं, विचारलं तर सांगंन. बोर्ड काय सांगणार?"

जमीलभाईंनी फळ टोपलीत ठेवलं. "पेंटर परळीचा हाय," ते म्हणाले. "एका शब्दासाठी यायचा न्हाई."

"बोलावून बघ."

"बघतो."

ते बघणार नव्हते, हे शेडमधल्या सगळ्यांना कळलं. परतताना मॅडमनी विचारलं, फळं घेतली का. मी नाही म्हणाले. दोघींपैकी कुणालाच आठवण राहिली नव्हती.

परिषदेला मी त्यांच्याबरोबर गेले, कारण स्लाइडची पेटी कुणीतरी मांडीवर धरायला हवी होती. निमंत्रण रद्द करून घेता आलं असतं. गायकवाड सरांनी तब्येतीचं कारणही सुचवलं होतं. मॅडमनी त्यांना विचारलं होतं, कुठं दुखतं म्हणून सांगू.

त्यांनी पडद्यावर पहिला फोटो मुकीचा लावला. तपकिरी गठ्ठे भिंतभर झाले. "ही मुकी स्लाइड," त्या म्हणाल्या. "ही बोलायला नको होती." आणि मग आपण काय म्हणत होतो, ते का म्हणत होतो आणि मुकी कुठून घ्यायला चुकलो, ते सगळं त्याच क्रमाने सांगितलं. सभागृहात खुर्च्या करकरल्या. परिषदेत लोक सापडलेलं सांगायला येतात. हरवलेलं सांगणाऱ्या बाईकडे कसं बघावं ते कुणाला कळत नव्हतं.

अध्यक्ष म्हणाले, "मग मॅडम, तुमच्या मते हे एन्झाइम नेमकं आहे कुठं?"

मॅडमना तो प्रश्न कुणी विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला.

"अजून कळालं न्हाई," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी आभार मानले आणि जेवण झालं. जेवणात सीताफळाची बासुंदी होती. मॅडमनी वाटी खिडकीकडे धरून बघितली, मग एक चमचा खाल्ली. दुसऱ्या कुठल्याशा कॉलेजातली एक मुलगी ताट घेऊन आली आणि म्हणाली, मॅम, सालीजवळचा तुकडा उकळताना फुटत नाही, ते कसं? मॅडमनी तिला रुमालाची चार टोकं बांधून दाखवली. दोरा कुठे आवळायचा ते दोनदा दाखवलं. त्यांची उरलेली बासुंदी तशीच राहिली होती, ती मी संपवली.

बोर्ड मात्र होता तसाच होता. हंगाम संपला, परीक्षा झाल्या, ऊन चढलं. पेंटर परळीतच होता. मॅडम भावाशी बोलत होत्या, त्याच्याकडे जेवायलाही जात होत्या. फक्त शेडवर जात नव्हत्या. फळं लागली तर आडतीवरून आणत. जमीलभाई एकदा कॉलेजात आले, प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आपा, शेडकडं येत न्हाईस?" मॅडम म्हणाल्या, "मी हाय की तिथं. लाल अक्षरांत." जमीलभाई उभ्याउभ्याच परत गेले.

मला पुण्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी मी मॅडमना भेटायला कॉलेजात गेले. गायकवाड सर म्हणाले, "मॅडम पालीला आहेत." मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढे सांगितलं, "शेडवर. स्टुलावर." मॅडमबरोबर इतकी वर्षं चहा घेतल्याचा तेवढा परिणाम झाला होता.

मी रिक्षाने गेले. मॅडम खरंच स्टुलावर होत्या. एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश, ओढणी कमरेला खोचलेली. जमीलभाई दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे होते.

"पेंटर आला न्हाई," ते मला म्हणाले. त्यांनी बोलावला होता का, ते मी विचारलं नाही. रंग आणि ब्रश त्यांनीच आणले होते, ते पिशवीवरून दिसत होतं.

शेडकार्ड शेडच्या पायरीवर उघडं पडलं होतं. त्यातून निवडलेला पांढरा बरोबर असणार, पण बोर्ड उन्हाने पिवळा पडलेला होता, त्यामुळे 'शास्त्रीय' होतं तिथे एक जास्तच पांढरा चौकोन झाला होता. पहिला हात वाळला होता. त्याखालून लाल रंग अजून डोकावत होता. दुसरा हात चालू होता.

हायवेवरचा एक मालवाहू टेम्पो थांबला. ड्रायव्हर गराचा भाव विचारायला उतरला आणि वर बघत राहिला. जमीलभाईंनी स्टूल न सोडता उरलेला बोर्ड वाचला, "पद्धतीने काढलेला सीताफळाचा गर." मग स्वतःशीच म्हणाले, "हेबी वाईट न्हाई." ड्रायव्हरने विचारलं, "ह्या कोण?"

"ही आमची आपा," जमीलभाई म्हणाले. त्यांनी स्टुलावरची पकड बदलली. मग म्हणाले, "चुकलं तर सांगते."

मॅडमनी ते ऐकलं असावं. ब्रश जरा थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"बेटा आलीय का?" त्यांनी मागे न बघता विचारलं. "रस्त्याच्या पलीकडं जा जरा. तिथून दिसतंय का बघ अजून."

मी रस्ता ओलांडला. पलीकडे उभी राहून बघितलं. मधून ट्रक जात होते. मला ओरडावं लागलं.

"दिसतंय, मॅडम."

त्यांचा हात हवेतच राहिला. त्या वळल्या नाहीत.

"कुठं?"

मी एक ट्रक जाऊ दिला आणि नीट बघितलं.

"'शा'च्या कान्यात," मी ओरडले. "खालच्या टोकाला."

ब्रश तिथे गेला.